यादीतील सहावे स्थळ

थायलंडच्या वायव्य टोकाला, ब्रह्मदेशच्या सीमेला लागून, मे होंग सोन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेल्या 'काय पाहाल?' छापाच्या याद्या आम्ही गेले काही दिवस नेटाने वाचत आहोत. त्यांचा क्रम थोडाफार बदलतो, पण ऐवज बदलत नाही. पहिला मान दोई कोंग मू टेकडीवरच्या मंदिराचा, दुसरा शहरातल्या तळ्याकाठच्या जोडमंदिरांचा. मग पाय हे तरुण प्रवाशांचे लाडके गाव, थाम लोद ही गुहा, बान राक थाय हे चहामळ्यांचे खेडे. आणि सहावे स्थळ 'लांब मानेच्या स्त्रियांचे गाव'. त्यानंतर नोव्हेंबरात पिवळ्या रानफुलांनी भरून जाणारे डोंगर आणि शेवटी कुठे काय खावे याच्या दोन ओळी. देऊळ, गुहा, बाई, फूल. हे लिहिताना पाचव्यानंतर किंवा सातव्याआधी कुणाचाही हात अडखळलेला आम्हांला दिसला नाही.

आमचे भांडण त्या न अडखळलेल्या हाताशी आहे.

यादीला कुणी वाङ्मयप्रकार मानत नाही, आणि म्हणून तिची समीक्षाही कुणी करत नाही. वास्तविक प्रवासाविषयी आज जे काही वाचले जाते, त्यातला मोठा भाग याद्यांचाच आहे. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला निदान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे गेलो, वाटेत कोण भेटले, हे सांगावे लागते. दोन परिच्छेदांमधला सांधा जुळवावा लागतो. यादीला सांध्याची गरजच नसते, ते काम क्रमांक करतात. आणि क्रमांक पडला की सगळ्या गोष्टी एका जातीच्या होतात. वाणसामानाच्या यादीत तूरडाळ आणि उदबत्ती शेजारी बसतात, त्यात गैर काहीच नाही. दोन्ही विकतच आणायच्या असतात. प्रश्न एवढाच, की त्याच न्यायाने देवळाशेजारी माणूस बसवला, तर तोही विकत आणायच्या गोष्टींत जमा होतो की नाही?

गैरसमज नको. मे होंग सोनला जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. उलट हा प्रांत यादीने दाखवतो त्याहून कितीतरी अधिक पाहण्यासारखा आहे. चियांग माईहून येणाऱ्या घाटरस्त्याला १,८६४ वळणे आहेत असे सांगतात, आणि ती पार करणाऱ्यास प्रमाणपत्रही मिळते. तिन्ही ऋतूंत धुके असते म्हणून मे होंग सोनला 'तीन धुक्यांचे शहर' म्हणतात. १८३१ साली चियांग माईच्या राजाने रानहत्ती पकडायला माणसे पाठवली. त्यांच्या तळाभोवती शान लोकांची वस्ती वाढत गेली आणि १८७४ साली तिला शहराचा दर्जा मिळाला. इथल्या मंदिरांची एकावर एक चढत जाणारी छपरे बँकॉकच्या मंदिरांहून वेगळी दिसतात, ती शान आणि ब्रह्मी कारागिरीमुळे. थाम लोद गुहेतून नदी वाहते, आणि तिच्या अंधारात सागाच्या खोडांतून कोरलेल्या, हजार वर्षांहून जुन्या शवपेट्या आहेत. त्या कोणत्या लोकांच्या, याविषयी अभ्यासक अजून शोध घेत आहेत.

या साऱ्यातून एक गोष्ट उघड होते, आणि नेमकी तीच यादीत नसते. हा प्रांत आलेल्यांचा आहे. शान सीमेपलीकडून आले, करेन आले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी यादवीत हरलेल्या कुओमिंतांग सैन्याचे युन्नानी सैनिक ब्रह्मदेशमार्गे आले. यादीतले पाचवे स्थळ, बान राक थाय, हे त्याच सैनिकांचे गाव. गावाच्या नावाचा अर्थच मुळी 'थायलंडवर प्रेम करणारे गाव' असा. पर्यटक तिथे तळ्याकाठी बसून ऊलाँग चहा पितो, मातीच्या घरांचे फोटो काढतो, आणि पुढे सहाव्या स्थळाकडे निघतो.

सहाव्या स्थळी कोण राहतात? पदाउंग, हे त्यांना शान लोकांनी दिलेले नाव. त्या स्वतःला कायान म्हणवतात. त्यांची मूळ गावे सीमेपलीकडे, कायाह आणि शान प्रदेशांत. तिथे ब्रह्मी लष्कर आणि करेन्नी बंडखोर यांच्यातल्या लढाईने जगणे अशक्य केले, तेव्हा १९८० आणि १९९०च्या दशकांत अनेक कायान कुटुंबे सीमा ओलांडून मे होंग सोनमध्ये आली. सीमेवरच्या इतर निर्वासितांच्या वाट्याला छावणी आली. गळ्यात पितळ घालणाऱ्या कायान स्त्रियांच्या वाट्याला मात्र प्रदर्शन आले. नाय सोई, हुआय सुआ थाओ, हुआय पू केंग या वस्त्यांमध्ये प्रवेशशुल्क घेऊन त्यांना दाखवले जाऊ लागले. पितळ घालणाऱ्या स्त्रियांना महिन्याकाठी ठराविक रक्कम मिळे. पितळ उतरवले की ती थांबे.

आणि ते 'लांब मान' प्रकरणही खरे नाही. गळ्यात सुट्या कड्या नसतात, पितळेच्या जाड तारेचे एक सलग वेटोळे असते. लहानपणी ते चढवतात आणि वयाबरोबर अधिक लांबीचे वेटोळे घालत जातात. त्याने मान वाढत नाही. त्याच्या भाराने गळ्याची हाडे आणि वरच्या फासळ्या खाली दबतात, म्हणून मान लांब भासते. म्हणजे यादीने ज्या गोष्टीवरून गावाचे नाव ठेवले, तीच मुळात भास आहे.

आता पाचवे आणि सहावे स्थळ शेजारी ठेवून पाहा. दोन्ही गावांत सीमेपलीकडून पळून आलेले लोक. पहिल्यांकडे बंदुका होत्या. थायलंडच्या सरकारला त्या काळी उत्तरेत कम्युनिस्ट बंडखोरांशी लढायचे होते. या सैनिकांनी त्या लढाईत मदत केली आणि त्यांच्यातल्या अनेकांना नागरिकत्व मिळाले. दुसऱ्यांकडे बंदूक नव्हती, पितळ होते. बंदुकीच्या बदल्यात देश मिळाला, पितळेच्या बदल्यात प्रवेशद्वारावर तिकीट लागले. मे होंग सोनच्या अर्ध्या शतकाचा इतिहास या एका तुलनेत सामावला आहे. यादीतही दोन्ही गावे एकाखाली एक आहेत, पण तिथे एकाचे वर्णन 'चविष्ट चहा' आणि दुसऱ्याचे 'अनोखी परंपरा'.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने या सहलीचे फोटो आम्हांला दाखवले. प्रत्येक फोटोखाली नाव होते: टेकडीचे, देवळाचे, पुलाचे, अगदी जिथे नूडल्स खाल्ल्या त्या खाणावळीचेसुद्धा. एका फोटोत कुटुंबातल्या काकू एका कायान बाईच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या. त्याखाली काकूंचे नाव होते आणि पुढे 'लांब मानेच्या बाईसोबत' एवढेच. माणसे सज्जन आहेत. त्या बाईकडून त्यांनी दोन शाली घासाघीस न करता घेतल्या. म्हणूनच हा फोटो आम्हांला अधिक लागला. दुष्टपणा नसतानाही एवढे होऊ शकते.

मराठी माणसाला हे समजायला खरे तर जड जाऊ नये. 'मुलगी पाहायला जाणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत अजून जिवंत आहे. पाट मांडलेला, पोह्यांच्या बशा फिरतात, ती येऊन बसते, उंची विचारली जाते, चालून दाखवायला सांगितले जाते. तिने मान वर करून समोरच्याला न्याहाळले तर घरी गेल्यावर तिच्याविषयी काय बोलले जाई, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. पाहणे हे क्रियापद वरवर निरुपद्रवी आहे, पण ते एकाच दिशेने चालू लागले की त्याचा अर्थ बदलतो. त्या प्रथेविरुद्ध आपल्या लेखिकांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिले. मग तिकीट काढून दुसऱ्या देशातल्या बाईला पाहायला जाताना ते सारे वाचन कुठे जाते?

यावर दोन उत्तरे येतात. पहिले असे: त्या स्वखुशीने बसतात, त्यावर त्यांचे पोट आहे, तुम्ही गेला नाहीत तर उपाशी राहतील. पोटाचा मुद्दा खरा आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. पण स्वखुशीची परीक्षा बसण्यात होत नाही, उठून जाण्यात होते. ती परीक्षा झाली आहे. न्यूझीलंड आणि फिनलंड यांनी काही कायान कुटुंबांना आसरा देऊ केला, तेव्हा थाई अधिकाऱ्यांनी त्यांना देश सोडण्याची परवानगी वर्षानुवर्षे अडवून धरली. हे लोक छावणीत राहत नाहीत, पर्यटनावर कमावतात, तेव्हा ते निर्वासित नव्हेतच, असा युक्तिवाद झाला. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने यावर उघड आक्षेप घेतला. एका तरुणीने तर निषेध म्हणून गळ्यातले वेटोळेच उतरवले. पुढे काहींना जाता आले. पण ज्या युक्तिवादाने त्यांना अडवले, तो नीट पाहा: तुम्हांला पाहायला लोक येतात, म्हणून तुम्हांला जाता येणार नाही. आमच्या काकूंनी हसत काढलेला फोटो या युक्तिवादात पुरावा म्हणून उभा राहतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. यादीने तर नाहीच.

दुसरे उत्तर संवेदनशील मंडळींचे: हे 'मानवी प्राणिसंग्रहालय' आहे, तिकडे फिरकूच नका. हे उत्तर ऐकायला उदात्त आहे, म्हणूनच त्याची आम्हांला अधिक भीती वाटते. बहिष्काराने जाणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, राहणारीच्या हाती काही पडत नाही. करोनाकाळात पर्यटक आपोआप थांबले, तेव्हा या वस्त्यांची मिळकत आटली. त्यांचे कागदपत्र काही त्यामुळे पुरे झाले नाहीत. शिवाय प्राणिसंग्रहालय म्हणताना आपण त्या स्त्रियांना काय म्हणतो आहोत, याचाही विचार व्हावा. हुआय पू केंगमध्ये अलीकडे पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून विणकाम, कोरीवकाम शिकवण्याचे उपक्रम गावकऱ्यांनी हाती घेतले आहेत. शिकवणारीला समोरच्याकडे पाहावेच लागते. हा फरक लहान नाही.

'तिकीट काढा' म्हणणारे आणि 'फिरकू नका' म्हणणारे, दोघेही पर्यटकाविषयीच बोलत राहतात: त्याची हौस, नाही तर त्याची सदसद्विवेकबुद्धी. ज्याने दार लावले, त्या राज्यसंस्थेविषयी कुणीच बोलत नाही. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर थायलंडने सही केलेली नाही. आपण नाके मुरडण्याआधी हेही सांगू, की भारतानेही केलेली नाही. आणि अंदमानात जारवांच्या अरण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांसाठी जारवा स्त्रियांना नाचवल्याची चित्रफीत २०१२ साली जगाने पाहिली, तेव्हा गाडीत बसलेले डोळे थाई नव्हते.

यादी काय गाळते, तेही पाहू. पिवळ्या फुलांचे डोंगर खुन युआम तालुक्यात आहेत. मे सुरिन धबधबाही तिथलाच, आणि तो याद्यांत आवर्जून असतो. त्याच तालुक्यात त्याच नावाची निर्वासितांची छावणीही आहे. मार्च २०१३मध्ये त्या छावणीला लागलेल्या आगीत ३०हून अधिक माणसे होरपळून मेली. फेब्रुवारी २०२१मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने पुन्हा सत्ता बळकावल्यावर कायाह प्रदेशात युद्ध भडकले आणि पुन्हा माणसे ही सीमा ओलांडून आली. छावण्यांत दशकानुदशके राहिलेल्यांना कायदेशीर काम करू देण्याचा निर्णय थायलंडने घेतला तो २०२५ साली. छावणी यादीत घाला असे आम्ही अर्थातच म्हणत नाही. पण फुले, धबधबा आणि 'अनोखी परंपरा' यांच्याविषयी लिहिणाऱ्याला एक वाक्य अधिक लिहायला कुणाची हरकत होती?

यादीतल्या दुसऱ्या स्थळाकडे, तळ्याकाठच्या जोंग क्लांग मंदिराकडे, शेवटी परत येऊ. तिथे ब्रह्मदेशातून आणलेल्या जुन्या लाकडी मूर्ती आहेत, वेस्संतर जातकातल्या. दानशूर राजपुत्र वेस्संतर आपली दोन लेकरे, जाली आणि कण्हाजिना, जूजक ब्राह्मणाला देऊन टाकतो. परंपरा त्याला दानाची परिसीमा मानते. पण त्याच कथेत बांधून नेली जाणारी मुले रडतात, पळून परत येतात, आणि कथाकार ते रडणे गाळत नाही. हीच कथा यादीकाराच्या हाती पडती, तर 'मनोहर लाकडी मूर्ती, जरूर पाहाव्यात' एवढेच उरले असते.

आमची मागणी मोठी नाही. यादी लिहिणाऱ्याने माणसांना क्रमांक देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हिला या यादीतून आपले नाव काढून घेता येईल का? देवळाला विचारता येत नाही, गुहेला विचारता येत नाही, फुलाला विचारता येत नाही. सहाव्या स्थळी मात्र उत्तर देऊ शकेल अशी बाई बसलेली आहे. तिचे नाव तरी विचारून या.