गृहपाठ कुणाच्या घरचा?

शालेय शिक्षणाच्या धोरणचर्चेत गृहपाठाला फारशी जागा मिळत नाही. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, परीक्षा, शिक्षकभरती यांवर समित्या नेमल्या जातात, न्यायालयांत याचिका होतात, संसदेत प्रश्न विचारले जातात. गृहपाठ मात्र शिक्षकांच्या सवयीवर आणि पालकांच्या अपेक्षांवर सोडून दिलेला असतो. वास्तविक शाळा आणि घर यांना जोडणारा रोजचा दुवा तोच. त्या दुव्यावाटे घराघरांत नेमके काय पोहोचते हे तपासले, तर आपल्या प्राथमिक शिक्षणातील विषमतेचे एक दुर्लक्षित कारण हाती लागते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये शालेय दप्तराविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा त्यातील वजनाच्या आकड्यांची भरपूर चर्चा झाली. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, हे सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच धोरणातील गृहपाठाच्या तरतुदी मात्र विस्मृतीत गेल्या. पहिली-दुसरीला गृहपाठ नसावा. तिसरी ते पाचवीला तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा. सहावी ते आठवीला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा, असे हे धोरण सांगते. यातील मधल्या तरतुदीकडे नीट पाहायला हवे. वरच्या वर्गांसाठी मोजमाप दिवसाचे आहे. आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ते आठवड्याचे आहे. या वयाच्या मुलांना रोज थोडे थोडे लेखन देण्याऐवजी आठवडाभर सवडीने करता येईल असे काही द्यावे, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. ते कोणते, याचे संकेतही धोरणात आहेत: संध्याकाळ कशी गेली, रात्रीच्या जेवणात काय होते, घरकामात कोण कोणाला मदत करते, याविषयी मुलांना बोलते करावे.

ही कल्पना नवी नाही. लहान मुलांच्या पाठीवरील ओझ्याचा प्रश्न कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या भाषणात मांडला. पुढे शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये अहवाल दिला. प्राथमिक वर्गांत गृहपाठाला समर्थन नाही, अपवाद फक्त घरच्या परिसरातील शोधाचा, अशी या समितीची भूमिका होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देण्यास मनाई केली. तीन दशके आपण एकच गोष्ट वेगवेगळ्या कागदांवर लिहीत आलो आहोत. वर्गात मात्र फारसे बदलले नाही.

शाळेने गृहीत धरलेले घर

प्राथमिक शाळेतला प्रचलित गृहपाठ म्हणजे फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवणे, धडा दोनदा लिहिणे, पाढे, शुद्धलेखन आणि अधूनमधून एखादा 'प्रकल्प'. त्यासाठी कार्डशीट आणि छापील चित्रे विकत आणावी लागतात आणि तो बहुधा थोरांच्या हातूनच पुरा होतो. हा गृहपाठ एक विशिष्ट घर गृहीत धरतो. त्या घरात मेज-खुर्ची नसली तरी एक शांत कोपरा आहे, संध्याकाळी मोकळा असलेला एक शिकलेला माणूस आहे आणि त्याला शाळेची भाषा येते.

देशातील किती घरे अशी आहेत? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रियांनीच दहा किंवा अधिक वर्षे शाळेत काढली आहेत. शाळेचे पुस्तक आईने समजावून द्यावे ही अपेक्षा अर्ध्याहून अधिक घरांच्या बाबतीत आधीच फोल ठरते. ज्या घरात गोंडी, संथाली किंवा भोजपुरी बोलली जाते आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत असते, तिथे साक्षर आईसुद्धा अडखळते. आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले असतील, तर मूल आजी-आजोबांपाशी असते. अशा मुलाची कोरी वही दुसऱ्या दिवशी तपासली जाते, तेव्हा शाळेने प्रत्यक्षात त्याच्या घराची परीक्षा घेतलेली असते आणि गुण मात्र मुलाच्या नावावर मांडलेले असतात.

ही उणीव बाजार भरून काढतो. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के आहे. म्हणजे ही केवळ शहरी मध्यमवर्गाची चैन राहिलेली नाही. बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये तर गावातील शिकवणी ही समांतर शाळाच झाली आहे. तिथे प्राथमिकच्या मुलाला पाठवण्याचे एक मोठे कारण साधे असते: गृहपाठ पुरा व्हावा. शिक्षण हक्क कायदा शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई करतो. पण ज्या गृहपाठामुळे शिकवणीची गरज निर्माण होते, त्याविषयी तो काही म्हणत नाही.

एवढे करून मुले शिकतात काय? २०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा झाली आहे आणि तिचे श्रेय शाळांना द्यायला हवे. तरीही चारपैकी तीन मुले मागेच आहेत. त्यांना धडा दोनदा उतरवायला लावणे म्हणजे जे वाचता येत नाही त्याची नक्कल काढायला लावणे होय.

आईला येत नसले तरी

यावरून गृहपाठच रद्द करावा, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. घराचा सहभाग मुलाच्या शिकण्याला बळ देतो, आणि आई शिकलेली नसली तरी देतो, याला आपल्याच देशात आधार आहे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी बिहार व राजस्थानमधील खेड्यांत एक प्रयोग केला. काही गावांत मातांसाठी साक्षरता वर्ग घेतले, काही गावांत मुलांसोबत घरी करायच्या कृतींचे साहित्य व मार्गदर्शन मातांना दिले, तर काही गावांत दोन्ही केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिन्ही प्रकारांत मुलांच्या गणितात माफक, पण निश्चित सुधारणा दिसली. मातांचे स्वतःचे भाषा व गणिताचे गुणही वाढले आणि मुलाच्या शिक्षणातील त्यांचा सहभागही वाढला. 'माफक' हा शब्द विसरू नये. घरच्या कृती शाळेची जागा घेत नाहीत. पण ज्या स्त्रीला आजवर 'तुम्हाला काय कळणार' असेच सुचवले गेले, ती मुलाच्या शिकण्यात भागीदार होते, हा लाभ लहान नाही.

करोनाकाळात बोट्स्वानामध्ये झालेला प्रयोगही बोलका आहे. तेथे प्राथमिकच्या मुलांच्या घरी दर आठवड्याला गणिताची साधी उदाहरणे लघुसंदेशाने पाठवली गेली. नुसत्या संदेशांचा ठोस परिणाम दिसला नाही. ज्या घरी संदेशासोबत शिक्षकांचा दूरध्वनी गेला, तिथे मुले पुढे गेली. आपणही २०२० मध्ये एनसीईआरटीकरवी आठवडावार कृतींचे पर्यायी शैक्षणिक वेळापत्रक काढले होते. महाराष्ट्रात शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' अभियानातून माता गट उभे राहिले. म्हणजे कल्पना आणि साहित्य यांचा तुटवडा नाही. सातत्याचा आहे, आणि पलीकडून कोणीतरी विचारपूस करण्याचा आहे.

तीन कसोट्या

साप्ताहिक कृती कशी असावी, हे ठरवण्यासाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली: कधीही शाळेत न गेलेल्या आईला किंवा आजीला ती मुलासोबत करता यावी. दुसरी: तिच्यासाठी काहीही विकत आणावे लागू नये आणि स्मार्टफोन अनिवार्य नसावा. ग्रामीण भागातील बहुतेक घरांत आता स्मार्टफोन पोहोचला आहे हे खरे; पण तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि दिवसभर घराबाहेर असतो. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: त्या कृतीतून जे हाती लागले, ते वर्गात परत यावे आणि त्यावर धडा उभा राहावा.

राजस्थानातील चौथीच्या मुलीने घरात रोज किती घागरी पाणी येते आणि ते कोण आणते, याची आठवडाभर नोंद ठेवावी. सोमवारी वर्गात त्याच नोंदींतून गुणाकार, तक्ता आणि परिसर अभ्यास शिकवता येतो. पूर्णियातील मुलाने मखाना तळ्यातून काढून लाही होईपर्यंत काय काय करावे लागते, हे घरच्यांना विचारून सांगावे. मुंबईच्या चाळीतील मुलाने आठवड्याच्या भाजीचा हिशेब आजीबरोबर तोंडी करावा. झारखंडमधल्या मुलाने एकाच झाडाची घरच्या भाषेतील आणि पुस्तकातील नावे गोळा करावीत. या कृतींमध्ये घराला जे ठाऊक आहे तेच शिक्षणाचे भांडवल ठरते. एरवी वर्गात गप्प बसणारे मूल त्या दिवशी माहितगार असते.

आक्षेपांची दखल

या मांडणीवर काही गंभीर आक्षेप आहेत. पहिला स्त्रियांच्या श्रमाचा. २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. त्यात शाळेने आणखी एक काम आईच्या माथी मारू नये. म्हणूनच कृती घरच्या चालू कामात सामावणारी हवी आणि 'माता गटा'च्या जोडीला वडील व आजोबा यांनाही नावानिशी काम हवे.

दुसरा आक्षेप असा की, सरकार आपली जबाबदारी घरावर ढकलेल. ही भीती निराधार नाही. देशात एक लाखाहून अधिक शाळा आजही एकाच शिक्षकाच्या भरवशावर चालतात. पालकांचा सहभाग हा रिक्त पदांना पर्याय ठरू शकत नाही. आठवड्याच्या कृतीवर सोमवारी बोलायला वर्गात शिक्षकच नसेल, तर ती कृती बोट्स्वानातील त्या निरुत्तर लघुसंदेशासारखी वाया जाईल.

तिसरा धोका आपल्या प्रशासकीय स्वभावात आहे. उद्या एखाद्या राज्याने ही योजना स्वीकारली, तर महिनाभरात तिचे ॲप येईल, मुलासोबत बसलेल्या आईचे छायाचित्र 'अपलोड' करण्याचा आदेश निघेल आणि जिल्हावार क्रमवारी लागेल. शिक्षक छायाचित्रे गोळा करण्यात गुंततील. या कृतींना गुण नकोत, पुरावा नको, क्रमवारी नको. मुलाने वर्गात येऊन सांगितले, एवढी नोंद पुरे.

पालकांचा आग्रह हा चौथा अडथळा. भरलेली वही म्हणजे चांगली शाळा, ही समजूत खोलवर रुजली आहे. ती परिपत्रकाने जाणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक केले आहे. या समित्या आज बहुतांशी सह्यांपुरत्या उरल्या आहेत. गृहपाठ कसा असावा, हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला तर त्यांना आपल्या अनुभवातले, आपल्या अधिकारातले काहीतरी बोलता येईल.

'निपुण भारत'ने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली आहे. त्या दृष्टीने राज्यांना एक काम विनाखर्च करता येईल: तिसरी ते पाचवीचा रोजचा लेखी गृहपाठ थांबवून आठवड्याला एकच कृती द्यावी आणि सोमवारची पहिली तासिका तिच्यासाठी राखून ठेवावी. दोन तासांची मर्यादा धोरणात आहेच. ते दोन तास घराची उणीव मोजण्यात घालवायचे की घराचे ज्ञान वर्गात आणण्यात, एवढाच निर्णय बाकी आहे.