गरुडाच्या कुळातील मुके पक्षी

नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींची रथयात्रा निघते. ज्यांच्या मागांवर या नगरीची चादर विणली गेली, तो पूर्व भागातील पद्मशाली समाज महामुनींना आपले कुलपुरुष मानतो आणि त्या दिवशी श्रद्धेने रथामागे चालतो. महामुनींच्या नावे असलेल्या मार्कंडेय पुराणाचा आरंभ मात्र कसा होतो, हे त्या गर्दीतील किती तरुणांना सांगता येईल?

तो आरंभ पक्ष्यांच्या मुखातून होतो. व्यासशिष्य जैमिनीला महाभारताविषयी चार शंका पडतात. उत्तर मागण्यासाठी तो मार्कंडेयांकडे येतो, तेव्हा महामुनी त्याला विंध्य पर्वतातील गुहेत राहणाऱ्या चार पक्ष्यांकडे पाठवतात. पिंगाक्ष, विबोध, सुपुत्र आणि सुमुख ही त्यांची नावे. ते गरुडाच्या वंशातील. त्यांची माता भारतीय युद्धात अर्जुनाच्या बाणाने मारली गेली, अंडी रणभूमीवर पडली, भगदत्ताच्या हत्तीच्या गळ्यातील घंटा तुटून त्यांच्यावर पालथी पडली आणि त्या घंटेखाली ती सुरक्षित राहिली. पूर्वजन्मीचे हे ऋषिपुत्र शापाने पक्षी झाले होते; पण शापाने त्यांचे ज्ञान गेले नाही आणि वाणीही गेली नाही. व्यासांचा शिष्य ज्यांच्यापुढे हात जोडून बसला, असे हे पक्षी.

दुसरीकडे, शापित पक्ष्यांची एक वेगळीच जात आज जगभरच्या तरुणांना परिचित झाली आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याला पट लागत नाही, सोंगट्याही लागत नाहीत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो आणि प्रत्येक खेळाडू स्वतःसाठी एक पात्र रचून त्याच्या तोंडाने बोलतो. संकटाचा निकाल वीस पैलूंच्या फाशावर लागतो. पात्र रचताना एक प्रश्न कुळाचा असतो. मानव, बुटका, राक्षसकुळी अशा पर्यायांबरोबर पक्षिमानवही निवडता येतात. गरुडासारखे उडणारे ‘आराकोक्रा’, घुबडमुखी ‘आउलिन’ आणि कावळ्याच्या तोंडाचे ‘केंकू’ हे त्यांतील प्रमुख.

यांतील केंकूंची कथा विशेष लक्ष देण्याजोगी आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ या ग्रंथानुसार केंकू पूर्वी एका सामर्थ्यशाली स्वामीचे सेवक होते. स्वामीच्या ठेव्याचा त्यांना मोह पडला, त्यांनी द्रोह केला आणि शिक्षा म्हणून तीन गोष्टी गमावल्या. पंख गेले, नवनिर्मितीची प्रतिभा गेली आणि स्वतःचा आवाजही गेला. तेव्हापासून केंकू दुसऱ्याचे ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारून बोलतो. त्याला उत्तम नक्कल करता येते. नवे काही रचता येत नाही.

करुरापासून केंकूपर्यंत

हा केंकू आला कोठून? १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’ या ग्रंथात तो आराकोक्राबरोबर या खेळात प्रथम अवतरला. त्याचे नाव आणि रूप जपानमधील ‘तेंगू’ या पर्वतवासी पक्षिरूप प्राण्यावर बेतलेले आहे. आणि चोच-पंख असलेल्या तेंगूच्या रूपावर बौद्ध परंपरेतील गरुडाची छाप असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. बुद्धधर्माच्या रक्षकांमध्ये स्थान मिळवून गरुड चीनमार्गे जपानला पोहोचला आणि ‘करुरा’ झाला. नारा येथील कोफुकुजी मंदिरातील आठव्या शतकातील करुराची मूर्ती आजही त्याची साक्ष देते. गरुडाचा करुरा झाला, करुराची छाया तेंगूवर पडली आणि तेंगूचा केंकू झाला. इतक्या प्रवासात मूळ कुळाचा पत्ता मात्र वाटेत गळून पडला.

जे उरले तेही उलटे होऊन उरले. मातेला दास्यातून सोडवण्यासाठी गरुडाने देवांशी झुंज देऊन अमृतकुंभ आणला आणि त्यातील एक थेंबही स्वतः चाखला नाही. या निर्लोभतेवर प्रसन्न होऊन विष्णूने त्याला ध्वजावर आणि वाहनाच्या स्थानी ठेवले, असे आदिपर्व सांगते. केंकूने स्वामीच्या ठेव्याचा लोभ धरला. गरुडाने हातात आलेले अमृत सोडून दिले. सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपूरच्या मंदिरात, वारकरी गरुडखांबाला मिठी मारतो, ती या निर्लोभ सेवेला मारलेली मिठी आहे.

पंख तुटण्याचा प्रसंगही तसाच. ब्रिटिश लेखक चायना मिएव्हिल यांच्या २००० मधील ‘पर्डिडो स्ट्रीट स्टेशन’ या कादंबरीत वाळवंटातील पक्षिमानवांच्या जमातीला थेट ‘गरुड’ हेच नाव आहे आणि तिच्यातील प्रमुख गरुडाचे पंख एका स्त्रीवरील अत्याचाराच्या अपराधाबद्दल कापलेले आहेत. भारतीय परंपरेत गरुडाचा पुतण्या जटायू याचे पंखही कापले गेले. ते एका स्त्रीवरील अत्याचार रोखताना, रावणाच्या खड्गाने. प्रभू रामचंद्रांनी पित्यासमान मानून त्याचा अंत्यसंस्कार केला. जटायूचा ज्येष्ठ बंधू संपाती याने धाकट्याला सूर्याच्या दाहापासून वाचवताना आपले पंख जाळून घेतले. सीतेचा ठावठिकाणा वानरांना सांगितल्यावर त्याला ते परत फुटले. या कुळाला पंख गमावण्याची लाज कधीच नव्हती. तो त्याचा अलंकार होता.

आणि कावळा? तुलसीदासांच्या रामचरितमानसात लोमश ऋषींच्या शापाने काकदेह मिळालेला भुशुंडी रामकथेचा श्रेष्ठ वक्ता आहे. रामाला नागपाशात बद्ध पाहून गरुडाला शंका आली, तेव्हा पक्षिराज असूनही तो या कावळ्याकडे शिष्य म्हणून गेला. शापित कावळ्याला एका परंपरेने गुरुपद दिले, दुसरीने त्याची जीभ काढून घेतली. या दोन कल्पनांमधील अंतर केवळ दोन कथांमधील अंतर नव्हे.

बंदीची मागणी हे उत्तर नव्हे

येथवर वाचून एखाद्याचे रक्त तापले, तर ते स्वाभाविक आहे. याच खेळाच्या १९८० मधील ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात इंद्र, विष्णू आदी देवतांना किती घाव सोसतील याचे आकडे लावलेले होते. कोट्यवधी लोक ज्यांची आज पूजा करतात, त्यांना मृत ग्रीक-रोमन दैवतांच्या रांगेत बसवण्यात कोणालाही संकोच वाटला नाही. या बेफिकिरीचा निषेध व्हायलाच हवा.

परंतु निषेधापुढे काय? बंदीची मागणी करणारे निवेदन द्यावे, दोन दिवस घोषणा व्हाव्यात आणि तिसऱ्या दिवशी सर्वांनी आपापल्या कामाला लागावे, या कार्यक्रमाने आजवर एकाही मुलाला सुमुख आणि सुपुत्र यांची नावे कळलेली नाहीत. शिवाय कथेच्या प्रवासाला हरकत घेण्याचा अधिकार भारताला तरी कसा पोहोचेल? गरुड इंडोनेशियाच्या राष्ट्रचिन्हावर आहे, थायलंडच्या राजचिन्हावर आहे, बालीमध्ये २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या विष्णू-गरुडाच्या शिल्पाची उंची चौथऱ्यासह १२१ मीटर आहे. या देशांनी गरुड नेला, तेव्हा भारताचे काही उणे झाले नाही. उलट, भर पडली. नेणाऱ्याने ऋण मान्य करावे, एवढीच अपेक्षा रास्त ठरते.

दुसऱ्या टोकाला ‘खेळच तर आहे, त्यात काय एवढे?’ असे म्हणणारा सुशिक्षित वर्ग आहे. त्याला या खेळाचे स्वरूपच समजलेले नाही. चित्रपट माणूस बाहेरून पाहतो. या खेळात तो तासन् तास एका पात्राच्या वतीने ‘मी’ म्हणतो. त्या पात्राचा पराक्रम, त्याचा अपराधभाव, त्याची कुलकथा काही काळ त्याची स्वतःची होते. पंधरा वर्षांच्या मुलाने कोणाच्या वतीने ‘मी’ म्हणावे, हा प्रश्न कोणत्याही समाजाला क्षुल्लक वाटता कामा नये.

या दोन्ही टोकांना अनंत पै यांनी पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत ग्रीक पुराणांतील प्रश्न सहज सोडवणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे त्यांनी पाहिले. त्यांनी ग्रीक पुराणांवर बंदी मागितली नाही. त्यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या मनात रामायण-महाभारताचे रंग भरले. याच खेळात २०२२ मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हा ग्रंथ आला, तेव्हा कोलकात्यात जन्मलेल्या लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्या आणि लोकसंस्कृती यांच्यावर बेतलेली भूमी त्यात उभी केली. लिहिणारा पुढे आला, तर दार उघडते, याचा हा पुरावा आहे.

खरा केंकू कोण?

म्हणून मूळ प्रश्न अमेरिकेतील प्रकाशकाचा नाहीच. ज्याचे पंख गळाले, ज्याची नवनिर्मितीची शक्ती आटली, जो दुसऱ्याच्या तोंडचे शब्द बिनचूक उच्चारून त्यालाच विद्वत्ता समजतो, असा पक्षी शोधण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज आहे काय? मुलाखतीत परक्यांचे उच्चार, कवितेत परक्यांचे ऋतू, मुलांच्या वाढदिवसाला परक्यांचे नायक. नक्कल उत्तम, आवाज उसना. या स्थितीबद्दल मेकॉलेला दोष देण्याची सोय १९४७ नंतर हळूहळू संपत आली आहे. आठ दशकांच्या स्वातंत्र्यानंतरही शापाचे कारण बाहेरच शोधायचे, हेसुद्धा केंकूचेच लक्षण होय.

सोलापूरला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. कापूस येथून जायचा आणि कापड होऊन मँचेस्टरहून परत यायचे, त्या व्यवहाराचा डंख गिरणगावाला ठाऊक आहे. आज कापसाच्या जागी कथा आहे. गरुड कच्चा माल म्हणून गेला आणि केंकू होऊन, वेष्टनासह, विकत मिळण्यासाठी परत आला. स्वदेशीच्या काळात या नगरीने परदेशी कापडाची होळी केली. पण ती होळी टिकली ती मागांच्या खडखडाटामुळे. ज्याच्या घरी माग चालतो, त्याच्याच बहिष्काराला अर्थ असतो.

कथेचा माग चालवण्यास लागणारे सूतही याच नगरीत आहे. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानावनांत हिंडून पक्ष्यांचे शब्द गोळा केले, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’कडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांचे देहावसान झाले. श्रद्धांजलीच्या सभा झाल्या असतील. त्या शब्दभांडारातून नवे काही रचण्याचे काम कोणी हाती घेतले? शहरापासून जवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे आणि आज तेथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. माळावरचा पक्षी आणि पुराणातला पक्षी, दोघेही एकाच दुर्लक्षाने दिसेनासे होत आहेत.

या कामासाठी कारखाना लागत नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि कथा सांगू शकणारा एक सूत्रधार एवढी सामग्री पुरते. कीर्तनाच्या उत्तररंगात एकाच वेळी दहा पात्रे उभी करणाऱ्या महाराष्ट्राला सूत्रधारांचा तुटवडा पडावा, हे पटण्यासारखे नाही. अरुण-गरुडाचे कुळ, संपातीचा त्याग, भुशुंडीचे गुरुपद, घंटेखाली वाचलेली चार पिल्ले यांवर मराठीतून एक सकस खेळ रचता येईल. रथयात्रा काढणाऱ्या संस्था, महाविद्यालये, ग्रंथालये आणि बालवाचनालये यांनी मनावर घेतले, तर पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत त्याचा पहिला खर्डा मुलांच्या हाती पडू शकतो. तो प्रथम ओबडधोबड असेल. मागावरची पहिली चादरही तशीच असते.

शेवटी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’ या ग्रंथात प्रकाशकांनी केंकूवरील मौनाची अट काढून टाकली. आता तो स्वतःच्या शब्दांत बोलू शकतो. परक्या प्रकाशकाने आपल्या कल्पनेतील पक्ष्याला सहा वर्षांच्या आत वाणी परत दिली. विंध्याच्या गुहेतील चार पक्षी तर कधीच मुके नव्हते. जैमिनीने विचारले आणि त्यांनी उत्तर दिले. आज कोणी विचारतच नाही, म्हणून ते गप्प आहेत.