घरबसल्या गिटार शिकविणारा गुरु

गेल्या गौरी-गणपतींत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. धाकट्या बंधूंचा मुलगा दोन वर्षांपासून गिटार वाजवितो. शिकवावयास कोणी घरीं येत नाहीं, तोही कोणाकडे जात नाहीं. संगणकाच्या पडद्यावर अमेरिकेंतला एक वादक दिसतो आणि आमचे चिरंजीव त्याच्यासमोर बसून शिकतात. आरती झाल्यावर काकूंनीं एक पद म्हणावयास घेतलें व मोठ्या हौसेनें नातवाला साथीस बसविलें. मुलाचीं बोटें तयार आहेत यांत शंका नाहीं. परंतु काकूंचा शब्द संपतो न संपतो तोंच याच्या स्वरांचा पाऊस सुरू! शेवटीं काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, मला श्वास घ्यायला तरी जागा ठेव!" सारे हंसले, मुलगा हंसला नाहीं.

त्या रात्रीं जेवणानंतर वाद झाला. समोर बसून कान धरणारा नसेल तर ती विद्या कसली, हा पडद्याचा खर्च बंदच करावा, असें बंधूंचें मत पडलें. निर्णय आमच्यावर सोंपविण्यांत आला. तेव्हां हा गुरु आहे तरी कोण, हें पाहणें आम्हांस प्राप्त झालें.

गुरूंचें नांव रॉबेन फोर्ड. जन्म १९५१ सालचा, कॅलिफोर्नियांतील वुडलेक येथला; बालपण त्याच राज्यांतल्या युकाया या लहान गांवीं गेलें. दहाव्या वर्षीं त्यांनीं सॅक्सोफोन हें फुंकून वाजवावयाचें वाद्य घेतलें आणि तेराव्या वर्षीं गिटार. गिटार शिकविणारा त्यांना कोणी लाभला नाहीं. पॉल बटरफील्ड यांच्या वृंदांतील माइक ब्लूमफील्ड या शिकागोच्या तरुणाचें वादन ध्वनिमुद्रिकेंत ऐकून त्यांना वेड लागलें, आणि ऐकलेलें तारेवर शोधतां शोधतां ते वादक झाले. पुढें भावांनीं मिळून वाद्यवृंद काढला, त्याला वडिलांचें नांव दिलें: चार्ल्स फोर्ड बँड. ही गोष्ट आमच्या वाचकांस खास आवडेल.

ब्लूज हें मूळचें अमेरिकेच्या दक्षिणेंतील कृष्णवर्णीय लोकांचें गाणें. गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालीं संपली. पण कापसाच्या शेतांतले कष्ट आणि मानहानि संपली नव्हती, आणि त्या जगण्यांतूनच हें गाणें आकारास आलें. रोजगारासाठीं उत्तरेकडे गेलेल्या लोकांबरोबर तें शिकागोस पोंचलें, तेथें गिटारीला वीज जोडली गेली, आणि पुढें गोऱ्या तरुणांनीं त्यांत रॉकचा जोर मिसळला. रचना ऐकावयास सोपी आहे. बारा समान खंडांचें आवर्तन, आणि षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभारलेले तीन स्वरसमूह. खरी गंमत गंधारांत आहे. तो कोमलही नव्हे आणि शुद्धही नव्हे. तार बोटानें ओढून दोहोंच्या मधली जागा गांठावयाची असते. आपल्या दरबारींतला झुलता गंधार याहून खालचा, परंतु पट्टींत न सांपडणाऱ्या स्वराची ओढ दोहींकडे सारखीच.

फोर्ड यांचें वैशिष्ट्य चौथ्या खंडांत ऐकूं येतें. षड्जाकडून मध्यमाकडे जातांना ते पुष्कळदां आठ स्वरांचा एक विलक्षण क्रम घेतात: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. हा त्यांनीं जॅझकडून आणलेला दागिना. क्षणभर पायाखालचा पाट सरकल्यासारखें वाटतें. आतां पाहा, या क्रमांत शुद्ध मध्यम मुळींच नाहीं. म्हणून पांचव्या खंडाबरोबर तो येतो तेव्हां नुकतीच खिडकी उघडावी तसा ताजा लागतो. हें केवळ बोटांच्या चपळाईनें साधत नाहीं. कोणता स्वर राखून ठेवावयाचा हें आधीं ठरवावें लागतें.

हा संयम त्यांना कोठें मिळाला? आमच्या मतें दोन ठिकाणीं. एक त्या सॅक्सोफोनमध्यें. जो फुंकून वाजवितो त्याला श्वासासाठीं थांबावेंच लागतें. गिटारीला फुप्फुसें नाहींत, म्हणून गिटारवाले थांबत नाहींत! दुसरें ठिकाण म्हणजे साथ. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत ते जिमी विदरस्पून या वडीलधाऱ्या कृष्णवर्णीय गायकाच्या साथीस होते. १९७४ सालीं त्यांनीं जोनी मिचेल या गायिकेबरोबर दौरा केला, आणि त्याच वर्षीं जॉर्ज हॅरिसन यांच्या अमेरिकेंतील दौऱ्यांत वाजविलें. याच दौऱ्यांत पंडित रविशंकर, अल्लारखाँ, हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा ही आपली मंडळी होती; म्हणजे आमच्या मुलाचा गुरु बाविसाव्या वर्षीं या थोरांच्या बरोबर एकाच रंगमंचावर वावरलेला आहे. (हें ऐकून बंधूंचा स्वर बराच खालीं आला.) १९८६ सालीं माइल्स डेव्हिस या विख्यात तुतारीवादकाच्या वृंदांत ते कांहीं काळ होते. स्वतःच्या नांवाची मुद्रिका १९७९ सालींच निघाली होती, पण खरें नांव झालें तें १९८८ सालच्या 'टॉक टु युअर डॉटर' या मुद्रिकेनें. पस्तिशी ओलांडेपर्यंत हा मनुष्य बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्याला जागा देत होता.

आणि हेंच ते शिकवितात. ट्रूफायर या अमेरिकन संस्थेमार्फत त्यांचे पाठ जगभर पोंचतात. आपल्या वर्गाला त्यांनीं 'डोजो', म्हणजे जपानी आखाडा, असें नांव दिलें आहे. त्यांत एकल वादनाचे पाठ आहेत तसा केवळ तालाच्या साथीचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि स्वरसमूहांचा निराळा. आपली गुपितें ते लपवीत नाहींत. वर सांगितलेला आठ स्वरांचा क्रमही उलगडून दाखवितात. मुलाला आम्हीं विचारलें, "साथीचा पाठ पाहिलास का?" तो खालीं पाहूं लागला. थेट एकल वादनावर उडी घेतली होती! मात्र ज्या ध्वनिवर्धकावर गुरु वाजवितात तो डंबलचा यंत्रसंच घरीं यावा, ही मागणी तयार होती. डंबल या कारागिरानें तो हातानें बनविला; तसे नग थोडेच असून आज एकेकाची किंमत आमच्या घराशीं स्पर्धा करील. डंबल जवळ नसतो तेव्हां फोर्ड साध्या फेंडरवर वाजवितात, आणि तरीही ते फोर्डच वाटतात, एवढें सांगून आम्हीं तो विषय मिटविला.

येथें पडद्याची उणीव उघड होते. गुरु पाठ क्रमानें मांडून ठेवील. शिष्यानें कोणता गाळला हें त्याला कळत नाहीं. शिष्याचें वादन तो ऐकतच नाहीं. कोणी एकलव्याची आठवण काढील, पण ती येथें बसत नाहीं. या गुरूनें अंगठा मागितला नाहीं, ठरलेली वर्गणी घेतली आणि तिच्या मोबदल्यांत हातचें कांहीं राखलें नाहीं. उणीव आहे ती ऐकणाऱ्या कानाची, आणि तो कान आमच्या घरांत होता. काकूंना पाश्चात्य संगीतांतलें अक्षर कळत नाहीं. तरी फोर्ड यांच्या साथीच्या पाठाचें सार त्यांनीं एका वाक्यांत मुलाला ऐकविलें होतें.

तेव्हां निर्णय असा झाला कीं पडदा चालूं ठेवावा, मात्र साथीचा अभ्यासक्रम पहिल्यापासून पुरा करावा, आणि दर रविवारीं काकूंच्या पदाला साथ करावी. बंधूंनीं तीन महिन्यांची मुदत घातली आहे. पहिल्या रविवारीं काकू दोनदां थांबल्या. गेल्या रविवारीं एकदांच.

ज्या वाचकांना ऐकावेंसें वाटेल त्यांनीं आधीं जे. बी. लेन्वार या शिकागोच्या गायकाचें १९५४ सालचें 'ममा, टॉक टु युअर डॉटर' ऐकावें, आणि मग तेंच गाणें फोर्ड यांच्या १९८८ च्या मुद्रिकेंत. रात्रीं, मुलें निजल्यावर, जरा मोठ्यानें लावावें.