बाबांची लय चुकत नव्हती!

"वय झालं, हात मागे पडतोय," म्हणत बाबांनी कीबोर्ड झाकून ठेवला. दुकानदार म्हणाला, नवं साउंड कार्ड घ्या. मंडळी, दोघंही चूक! मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही; कुठली पट्टी, किती जोरात दाबली, एवढाच निरोप जातो. आवाज बनवतो कॉम्प्युटर, बफर भरत भरत. बफर होता २०४८ सॅम्पलचा. ४४,१०० च्या रेटला तिथेच ४६ मिलिसेकंद उशीर. १२८ केला, उशीर ३ वर आला. आवाज तडतडला तर २५६ करा. खर्च शून्य. आधी सेटिंग बघा, मग पाकीट काढा. आणि कृपा करून यंत्राच्या उशिराचं खापर माणसाच्या वयावर फोडू नका. बाबा आता रोज भूप वाजवतात. लयीत!