निवळी गटारात, पाकीट उधारीत

आज थोडं कडू लिहितोय.

पिल्लं आणली की आपल्या हातात दोन पाकिटं पडतात. एक 'टॉनिक' म्हणून. मागचं बारीक वाचलं तर अँटिबायोटिक निघतं. दुसरं प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवाणू. पहिलं पाकीट दुसऱ्यातले जिवाणू मारतं आणि पैसे दोन्हीचे आपण देतो. हा कुठला हिशोब?

युरोपने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं 1 जानेवारी 2006 पासून बंद केलं. आपल्या सरकारने जुलै 2019 मध्ये कोंबड्यांना आणि जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली, कारण ते माणसाचं शेवटच्या फळीतलं औषध आहे. तरी आपण रोग नसताना पुडी फोडतोच.

कोंबडीखाली निघालेलं पिल्लू चांगले जिवाणू आईकडून घेतं. मशीनच्या पिल्लाला आई नाही. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी 1973 मध्ये दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले तर साल्मोनेलाला जागा मिळत नाही. रान मोकळं राहिलं की तण येतं, तसंच हे.

आता पनीर, चक्क्याची निवळी बघा. त्यात साधारण साडेचार-पाच टक्के दुधाची साखर असते. लॅक्टोबॅसिलसचं ते खाद्यच. आपण ते गटारात ओततो.

मी असं करतो: निवळी उकळून कोमट करायची, लिटरला दोन चमचे ताजं घरचं दही, थोडा गूळ. प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात झाकून दोन दिवस उबेला. पत्र्याचं भांडं नको, आंबटाने जस्त सुटतं. वास ताकासारखा आंबट हवा, पीएच पट्टी 4 च्या आसपास. कुजका वास किंवा रंगीत बुरशी आली तर फेकायचं. पिण्याच्या लिटरभर पाण्यात 10 मिली, संध्याकाळी उरलेलं ओतून द्यायचं. टीसीएलचं पाणी चालत नाही, जिवाणू मरतात. कच्ची निवळी भरपूर पाजू नका. कोंबडीला दुधाची साखर पचत नाही, हगवण लागते.

कृषीवाले साहेब म्हणतील, पाकिटातला जिवाणू निवडलेला, मोजलेला असतो. मान्य. पण एप्रिलमध्ये पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटात लॅक्टोबॅसिलस किती जिवंत उरतो, तेही मोजा की! दह्यातला जिवाणू आतड्यात कायम मुक्काम करत नाही, हेही खरं. म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. घरचा असेल तरच ते परवडतं.

आणि जे म्हणतात याने सगळे रोग जातात, तेही खोटं बोलतात. मानमोडीला लसच लागते. तूस ओलं राहिलं तर कोणताच जिवाणू वाचवणार नाही.

माझी मागणी साधी आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुधाच्या जिवाणूंचा साठा आहे. त्यातलं चांगलं विरजण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून द्या. दहा पिल्लांना निवळी, दहांना साधं पाणी, खाद्य एकच. महिनाभर वजन आणि मर लिहा. कोंबड्या घरातली बाई सांभाळते. पोरांच्या वह्या, दवाखाना त्यातूनच निघतो. तिचा पैसा पाकिटात घालवायचा असेल, तर आधी आकडे दाखवा.