रकाना कोरा ठेवू नका



जुन्नर-आंबेगावची आपली मुले चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला जातात, पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. फॉर्मवर एक रकाना असतो : 'आपणांवर गुन्हा दाखल आहे काय?' बांधाच्या भांडणात नाहीतर मोर्चात नाव आलेला मुलगा घाबरून 'नाही' लिहितो किंवा रकाना कोराच ठेवतो. पुढे चारित्र्य पडताळणीत नोंद निघते आणि हातची नोकरी जाते. पुष्कळदा ती गुन्ह्यापेक्षा लपविल्यामुळे जाते.

सरकारी नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात नियम घालून दिले. विचारलेली माहिती खरीच द्यावी. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब लपविली गेली असेल, तर अधिकारी ती माफ करू शकतात. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच असे नाही. पूर्वचरित्र पाहण्याचा हक्क त्यांना राहतोच. पण खरे सांगणाऱ्यावर फसवणुकीचा ठपका येत नाही.

म्हणून प्रश्न नीट वाचा. गुन्हा दाखल होणे, खटला चालू असणे आणि शिक्षा होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम १२ सांगते की, त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना बालन्याय कायदा २०१५ चे कलम २४ असेच संरक्षण देते. अपवाद फक्त गंभीर गुन्ह्यांतील काही मोठ्या मुलांचा.

जानेवारी २०१८ च्या बंदनंतर राज्यात अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांतील काही मागे घेतल्याचे सरकारने २०२० साली जाहीर केले. पण ऐकीव बातमीवर विसंबू नका. खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते. त्या आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल हाती हवी. ती पोलीस ठाण्यात देऊन नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज करा आणि पोच घ्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा फोन नंबर त्यासाठीच आहे.

आणि मायमाउल्यांनो, मुलाच्या निकालाची नक्कल त्याच्या मार्कलिस्ट आणि जातीच्या दाखल्यासोबत एकाच फाईलमध्ये जपून ठेवा. मुलाखतीला जाताना तीही लागेल.