जानेवारीत कुठे असाल?

गेल्या रविवारी भाची आणि जावई आले ते जगाचा नकाशा काखेत मारूनच. दोघांनी वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर करून घेतली आहे आणि त्यांना जगप्रदक्षिणेला निघायचं आहे. नकाशा दिवाणखान्यात जमिनीवर पसरला. गुंडाळी परत वळू नये म्हणून ताईने चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या घातल्या. एकतीस देशांवर लाल टिकल्या होत्या.

मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून नकाशाशेजारी ठेवलं. "जानेवारीत कुठे असाल?"

"नॉर्वेत."

"आणि पॅटागोनियात?"

"जूनमध्ये, मावशी."

दोन्हीकडे त्यांना डोंगर चढायचे आहेत, आणि दोन्हीकडे ते नेमके ऐन हिवाळ्यात पोहोचणार होते.

लांबचा प्रवास आधी दिनदर्शिकेवर आखावा, असं माझं ठाम मत आहे. ते मी शिकले शिडाच्या बोटींकडून. कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला मुंबईहून निघाले ते १९ ऑगस्ट २००९ रोजी, भर पावसाळ्यात. या मार्गावरची सगळ्यात अवघड जागा म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न. ते तिथल्या उन्हाळ्यात ओलांडलेलं बरं, आणि तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. तिथून उलटं मोजत यायचं. त्याआधी न्यूझीलंडचं लिटलटन, त्याआधी ऑस्ट्रेलियाचं फ्रीमँटल, आणि असं मोजत मोजत मुंबईचा ऑगस्ट येतो. प्रवासातली सगळ्यात कठीण जागा आधी धरायची, बाकीच्या तारखा तिच्यामागून येतात.

वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी 'तारिणी' ही बोट घेऊन अशाच पृथ्वीप्रदक्षिणेला १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या, तेव्हाही गणित हेच होतं. १९ जानेवारी २०१८ला त्यांनी केप हॉर्न ओलांडलं. आखलेले मुक्काम चार होते: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. पण घर जवळ आलं असताना सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईला पाचवा मुक्काम करावा लागला. २१ मेला त्या गोव्यात पोहोचल्या. बंदरात फाटलेली शिडं शिवायची, गोडं पाणी आणि शिधा भरायचा, झोप पुरी करायची. मुक्काम हा प्रवासातलाच कामाचा भाग असतो, हे मला त्या मोहिमेने पटवलं.

भाचीच्या बेतात असा एकही मुक्काम नव्हता. शिवाय युरोपात सलग पाच महिने मांडले होते. शेंगेन देशांत पर्यटक म्हणून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आणि आपल्या पासपोर्टवर फिरणाऱ्याची खरी अडचण तर पुढेच आहे: वर्षभराचे सगळे व्हिसा निघतानाच खिशात घालता येत नाहीत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, आणि तोही साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधी काढून ठेवणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

मग जावयाने पासपोर्ट उघडून कोरी पानं मोजली. अकरा. दोघांनी नवीन, साठ पानांचा पासपोर्ट काढायचं ठरलं. ॲमेझॉनच्या जंगलात जायचं तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यायला हवी. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतात.

लाल टिकल्या एकेक करून निघू लागल्या. एकतीसच्या सतरा झाल्या. नोव्हेंबर-डिसेंबर न्यूझीलंड, जानेवारी-फेब्रुवारी पॅटागोनिया, मग ॲमेझॉन, जूनपासून युरोप. नॉर्वे जुलैत गेलं.

"एप्रिल-मे रिकामेच राहिले की," जावई म्हणाला.

"घरी या," मी म्हणाले. "युरोपचा व्हिसा इथूनच काढा, दात दाखवून घ्या, बूट बदला."

भाचीने दोन्ही पानांवर पेन्सिलीने लिहिलं, 'घरी'. ताई इतका वेळ काही बोलली नव्हती. तिने कालनिर्णय उचललं, चष्मा लावून ते शब्द वाचले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'हापूस, चार डझन'.